सा बसत नाहीये

सदाशिव पेठेतला एक वाडा पाडून त्याच जागेवर सहा मजली इमारत उभी राहिली आणि वाड्यातले एक काका रेकॉर्डच्या पेट्यांसकट तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी सकाळी चार-सहा मंडळी त्यांच्याकडे गाणं ऐकायला जमली होती. रेकॉर्ड त्याच, स्पीकर तेच, अँप्लिफायर तोच. पत्त्यातसुद्धा घराचा नंबर तेवढा बदललेला. भैरव राग चालू होता. गायक कोमल रिषभाला झुलवत झुलवत खाली आणायचा आणि षड्जावर, म्हणजे सा वर, सोडून द्यायचा. बाहेर पाऊस, आत चहाचे कप, सगळं कसं जमून आलेलं. आणि डोळे मिटून बसलेले काका एकदम म्हणाले, "सा बसत नाहीये." मंडळी हसली. एवढ्या मोठ्या गवयाचा सा बसत नाही म्हणायचं म्हणजे! काकांनी डोळेही उघडले नाहीत. "सुरात आहे हो. पण बसत नाहीये. पाटावर बसायला जावं आणि पाट दोन बोटं खाली निघावा, तसं होतंय."

चहा झाला, विषय बदलला, मंडळी पांगली. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. मोजमापाची यंत्रं लावून जे निदान झालं असतं, ते काकांनी एका पाटात सांगून टाकलं होतं. सूर चुकलेला नव्हता, सुराखालचा आधार गेला होता. नव्या घरात आल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्यांनी सुई बदलली होती, अँप्लिफायरमधले कपॅसिटर बदलून घेतले होते, बोटाएवढ्या जाडीची वायर आणली होती. दुकानात गेलं की यंत्रच विकत मिळतं. भिंतीपासूनचं अंतर विकत मिळत नाही, म्हणून ते कोणी सुचवतही नाही.

अशा तक्रारीत पहिली शंका घ्यायची ती वायरींच्या उलट जोडणीची. सामान हलवलं की एका स्पीकरचं लाल-काळं बरोबर आणि दुसऱ्याचं उलट लागणं ही रोजची गोष्ट. मग एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, खालचे सूर एकमेकांना खातात आणि मधोमध उभा राहायचा तो गायक खोलीभर पसरतो. तपासायचं असेल तर बातम्या वाचणाऱ्या एकट्या माणसाचा आवाज लावायचा, दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड करून चार बोटांच्या अंतरावर आणायचे आणि ऐकायचं. मग अँप्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी उलटवायच्या आणि पुन्हा ऐकायचं. ज्या जोडणीत आवाज भरदार, ती बरोबर. वायरीच्या जाडीबद्दल फार काही बोलण्यासारखं नाही. साधी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पंधरा-वीस फुटांना पुरून उरते. काकांकडची जोडणी बरोबर निघाली. मग सुताराची टेप बाहेर आली.

स्पीकर १० इंच खोल. त्याच्या पाठीमागे १५ इंच मोकळी जागा, कारण स्पीकर भिंतीला चिकटवू नये हे प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. म्हणजे भिंतीपासून स्पीकरच्या तोंडापर्यंत २५ इंच. आता गायक गात होता काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून. पुरुषी गळ्यातला काळी एकचा मध्य सा म्हणजे सेकंदाला सुमारे १३८ कंपनं. आपल्याकडच्या तीसेक अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण १,१५० फूट जातो. भागाकार केला की त्या सा ची एक लाट ८ फूट ४ इंचांची, म्हणजे १०० इंचांची निघते. आणि २५ इंच हा तिचा चौथा हिस्सा. खालचे सूर स्पीकरमधून नुसते समोर जात नाहीत, कंदिलाच्या उजेडासारखे चहूकडे पसरतात. मागे गेलेला सा २५ इंच चालून भिंतीवर आपटतो, २५ इंच परत येतो आणि पुढे निघालेल्या सा ला गाठतो, तेव्हा तो बरोबर अर्धी लाट मागे पडलेला असतो. पुढच्याचा चढ असतो तिथे मागच्याचा उतार. बेरजेची वजाबाकी होते.

भिंत सा खात होती.

मग सा ऐकूच यायला नको होता, असं कुणी म्हणेल. पण गळ्यातून सा एकटा निघत नाही. त्याच्याबरोबर २७६, ४१४, ५५२ अशी त्याची सगळी वरची वंशावळ निघते, आणि त्या वंशावळीवरून मेंदू मूळपुरुष ओळखून घेतो, तो हजर नसला तरी. मोबाइलच्या टिचभर स्पीकरला १३८ ची लाट धड काढता येत नाही. तरीही त्यावर भारदस्त आवाजाच्या माणसाचा सूर आपल्याला बरोबर कळतो तो याचमुळे. सूर कळतो, वजन येत नाही. शिवाय हा खड्डा सुईच्या टोकाएवढा नसतो. सा च्या खालचा मंद्र निषाद आणि वरचा कोमल रिषभ दोघेही त्यात थोडे थोडे बुडतात. गंधारावर, १७३ च्या आसपास, आवाज काठावर येतो आणि पुन्हा भरतो. भैरवात गंधारावरून रिषभ झुलवत सा वर उतरायचं म्हणजे भरलेल्या जागेवरून पोकळ जागेत उतरायचं. पाट दोन बोटं खाली. काकांच्या कानाने हे गणित वही-पेन्सिलीशिवाय केलं होतं.

यावर स्पीकर मागे सरकवा असं चटकन सुचतं. पण किती? मजा पाहा. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तिचा सा २०८ च्या आसपास. त्याची लाट साडेसहासष्ट इंचांची, चौथा हिस्सा साडेसोळा. म्हणजे हाच स्पीकर भिंतीपासून साडेसहा इंचांवर आणला की भिंत पुरुषांना सोडते आणि बायकांना धरते. उलट, बराच पुढे ओढला, तोंड साडेतीन फुटांवर आणलं, की खड्डा ८२ वर सरकतो; गळे सुटतात, पण डग्ग्याचा खालचा भाग पातळ होतो आणि हॉलमधून स्वयंपाकघरात जायचा रस्ता बंद होतो. खड्डा बुजत नाही, फक्त जागा बदलतो. तो कुठे असलेला आपल्याला चालेल एवढंच ठरवता येतं. बाजूच्या भिंतीचंही तेच. तिथला हिशेब तिरका असल्यामुळे आकडे वेगळे येतात, पण मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासून स्पीकर सारख्याच अंतरावर नसावा, हा नियम डोळे मिटून पाळावा.

हे कागदावर करण्यापेक्षा कानाने करावं. फोनवर एकच शुद्ध सूर वाजवणारी कितीतरी फुकट ॲप मिळतात. फोन अँप्लिफायरला जोडून त्यात १३८ लावायचं, आवाज बेताचा ठेवायचा, एकच स्पीकर चालू ठेवायचा आणि रोज जिथे बसतो तिथेच बसायचं, डोकं न हलवता. दुसऱ्याने स्पीकर दोन-दोन इंचांनी मागेपुढे सरकवायचा आणि प्रत्येक जागी फरशीवर टेपचा तुकडा लावायचा. काही जागी सूर भरतो, काही जागी जणू कुणी रेग्युलेटर फिरवला. मग १२३, १५५, २०८ असे आजूबाजूचे सूर लावून तेच पुन्हा. सगळ्या सुरांना न्याय देणारी जागा मिळत नाही. कुणावरही मोठा अन्याय न करणारी मिळते. तासभर लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवत जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उघडेपर्यंत धीर धरणाऱ्या लोकांना हा तास जड जाऊ नये. मिरजेच्या सतारमेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं आहे, केसाच्या जागी इंच धरायचा.

प्रश्न असा पडतो की वाड्यात हे सगळं का करावं लागलं नव्हतं. तिथे कुणी टेप लावली नव्हती, स्पीकर कोनाड्याखालच्या एका जुन्या पेटाऱ्यावर ठेवलेले, एक थोडा तिरका. आणि सा बसत होता. वाड्याबद्दल हळवं होण्याचं कारण नाही. तिथे पावसाळ्यात भिंतींना ओल यायची आणि संडास अंगणापलीकडे होता. पण ती दिवाणखान्याची खोली नीट आठवून पाहिली तर उत्तर सापडतं. वर कडीपाट. एक सपाट छत नाही, ओळीने तुळया आणि त्यांच्यामधल्या खाचा, म्हणजे वर गेलेला आवाज एका गठ्ठ्यात खाली येत नाही, विखरून येतो. भिंतींना मातीचा गिलावा, जागोजागी कोनाडे, फडताळ, खुंटीवर टांगलेले कपडे. दोन भिंती एकमेकींना समांतर म्हणवत, पण काटकोन मोजायचा गुण्या लावला असता तर लाजल्या असत्या. खाली जाजम, त्यावर लोड-तक्के. आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यातली गाद्यांची चळत.

ही चळत प्रत्येक मराठी घरात होती. सकाळी उठलं की सगळ्या गाद्या गुंडाळून किंवा घडी घालून कोपऱ्यात एकावर एक रचायच्या, वर उशा, त्यावर गोधड्या आणि सगळ्यावर एक चादर. तीन-चार फूट उंच, तेवढीच लांब, भरगच्च पिंजलेल्या कापसाची. पोरं तिच्यावरून उड्या मारून मार खायची. आवाजाच्या भाषेत तो खोलीतल्या सर्वांत मोक्याच्या जागी बसवलेला सर्वांत जाड शोषक होता, कारण खालचे सूर कोपऱ्यांतच साचतात आणि त्यांना थोपवायला जाडीच लागते. आज स्टुडिओवाले ज्यासाठी कोपऱ्यात दोन-दोन फुटांची लोकर भरतात, ते काम आपल्याकडे आजी सकाळी सहाला करून मोकळी व्हायची.

गाद्यांचा आणि खोल्यांच्या ध्वनिशास्त्राचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही, ते शास्त्र गाद्यांवरच सुरू झालं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियममधल्या नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणं कुणाला कळेना, कारण एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर ते काम येऊन पडलं. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या मांडायच्या, ऑर्गनची एक नळी फुंकायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा, आणखी गाद्या मांडायच्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळच्या आत सगळ्या परत नेऊन ठेवायच्या. अशा कित्येक रात्रींमधून त्याचं सूत्र निघालं: खोली जेवढी मोठी तेवढा घुमारा जास्त, गाद्या जेवढ्या जास्त तेवढा तो कमी. १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच सूत्राच्या आधारावर बांधला गेला. रात्री गाद्या घालायच्या आणि सकाळी उचलायच्या. मराठी गृहस्थाला यात नवीन काय?

नव्या घरात बॉक्सचे पलंग आले, त्यांच्यावर फोमची मॅट्रेस कायमची पडली आणि चळत गेली. तो हॉल आता १६ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ. खाली आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स, वर जिप्समचं सपाट फॉल्स सीलिंग, एका बाजूला गुळगुळीत पुट्टी केलेली भिंत, समोर बाल्कनीची सरकती काच. हॉलच्या मध्यात उभं राहून एक टाळी वाजवली की मागून "टर्रर्र" असा पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा आवाज येतो. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंती टाळीला चेंडूसारख्या टोलवत बसतात, दहा फुटांच्या रुंदीत सेकंदाला सत्तावन्न फेऱ्या. तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे काठावरचा, ना या टर्ररमध्ये मिसळले की सगळ्याला एक काचेरी धार येते. लोक तिला "क्लॅरिटी" समजतात आणि तासाभराने डोकं का दुखतंय याचा विचार करतात.

इथे सगळे जी चूक करतात ती अशी: पातळ काहीतरी पसरतात. सतरंजी, भिंतीवर इंचभर फोमचे टोकदार तुकडे, झिरझिरीत पडदा. टाळीचा टर्रर्र जातो आणि वाटतं, झालं काम. पण पातळ वस्तू फक्त वरचे सूर गिळते. जवारी गेली, सारंगीच्या गजाचा खरखरीत श्वास गेला, आणि खालचा घुमारा होता तिथेच राहिला. खोली घशाला सूज आल्यासारखी बोलायला लागते. अंड्यांचे ट्रे हा तर निव्वळ भ्रम. पुठ्ठा आवाज शोषत नाही, खालच्या सुरांना तो दिसतही नाही, आणि पेट घेतो तो वेगळा. थर्माकोलचंही तसंच, त्यात हवा शिरतच नाही. आवाज जिरवायचा तर वस्तूच्या आत हवा शिरली पाहिजे, धाग्याधाग्यांत घासून दमली पाहिजे. कापूस, लोकर, माणसं, यांच्यात ती दमते.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी घरातली किंवा शेजारची एक खरी कापसाची गादी मागून आणावी. आधी आरसा घ्यावा. आपण बसायच्या जागी बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून हातातला आरसा स्पीकरच्या उंचीवर सरकवत न्यायचा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा पडदा, दिसतो, तिथूनच आवाज उसळून कानावर येतो. गादी तिथे उभी करायची आणि ओळखीची एक रेकॉर्ड लावायची. मग तीच गादी कोपऱ्यात, मग स्पीकरच्या मागे, मग सोफ्याच्या मागे. दर वेळी पाच मिनिटं ऐकायचं. कुठे फरक पडला ते कागदावर लिहायचं. एवढ्या स्वस्तात एवढी खरी माहिती दुसरं कोणी देत नाही.

फरक पटला की चौकटी करायच्या. ५० मिलिमीटर जाडीची, घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, मिळते. तिचे दोन थर, म्हणजे ४ इंच. २ फूट बाय ४ फुटांची चौकट, त्यासाठी ४ इंच रुंद पाइनची पट्टी १२ फूट. मागे चिकन जाळी किंवा मच्छरदाणीचं कापड ताणून ठोकायचं, लोकर बसवायची, पुढून कापड. ३६ इंच पन्ह्याचं ५ फूट कापड एका चौकटीला लागतं. कापड कुठलंही घ्या, मांजरपाट उत्तम, पण तोंडाला लावून फुंकर मारून पाहा. श्वास आरपार गेला तरच घ्या. रेक्झिन, जाड मखमल, प्लॅस्टिकचा थर असलेलं पडद्याचं कापड, सगळं नको. लोकर कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. चौकट सहा-सात किलोची होते, जिप्समच्या पार्टिशनवर नुसत्या खिळ्याला लटकवू नका. भिंतीपासून इंच-दोन इंच सोडून टांगा. त्याने खालचे सूर थोडे अधिक पकडीत येतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात मागे हवा खेळती राहिली नाही तर लोकरीआधी भिंत बुरशी धरते. कोकणात तर नक्कीच. सहा चौकटी अशा हॉलला पुरेत: दोन स्पीकरमागे, दोन बाजूच्या आरशाच्या जागी, दोन सोफ्यामागे. सगळ्या भिंती मढवायच्या नाहीत. खोली मेली की गाणंही मरतं. अर्ध्या सेकंदाच्या आगेमागे घुमारा राहू द्यावा. काचेला जाड पडदा, काचेच्या रुंदीच्या दुप्पट कापड, चुण्या भरपूर.

सोफा हे वेगळंच प्रकरण. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेलाच असतो, मध्ये जागा सोडली तर लोक विचारतात, रंगकाम चालू आहे का? पण खालचे सूर भिंतीपाशी दाटून येतात. १६ फूट लांबीत ३६ ची लाट अडकते, १० फूट रुंदीत साडेसत्तावन्नची, साडेनऊ फूट उंचीत साडेसाठची. शेवटच्या दोघी जवळजवळ जुळ्या, म्हणून त्या टापूतला सूर आला की खोली दोन वेळा "हो" म्हणते. भिंतीला डोकं टेकून डग्गा ऐकला तर घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला खालचा घुमारा, कधी संपला तेच कळत नाही, पुढच्या मात्रेवर त्याची शेपटी पडलेली असते. दोन-अडीच फूट पुढे या. हॉलच्या ऐन मध्यावरही बसू नका, तिथे सर्वांत खालची लाट नाहीशी होते. दोन स्पीकर आणि आपलं डोकं मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. सोफ्यावर ही उंची ३८ इंचांच्या आसपास, गादीवर मांडी घालून बसलं तर २८-३०. बैठक घालणाऱ्यांनी बाजारातले उंच स्टँड घेऊच नयेत. कडप्प्याच्या दोन उभ्या आणि एक आडवी फळी, वर रबराचे चार तुकडे, झालं. स्पीकर शोकेसवर ठेवला तर शोकेसही गायला लागतं.

गाणारी आणखी मंडळी घरात असतात. फोनवरचा सूर ३० पासून २०० पर्यंत हळूहळू चढवत नेला की एकेक तोंड उघडतं: शोकेसची काच, कपबश्या, देवघराची घंटा, फॉल्स सीलिंगमधला सैल दिवा, एसीचं झाकण. एका सुराला एकच वस्तू बोलते, त्यामुळे पकडणं सोपं. वाटीभर रबराच्या चकत्या आणि थोडा फेल्ट जवळ ठेवावा. पंखा मात्र पकडून उपयोग नाही, बंदच करावा लागतो. त्याच्या घरघरीत तंबोरा बुडतो आणि फिरणारी पाती छतावरून येणाऱ्या आवाजाचे तुकडे करतात. मे महिन्यात ख्याल ऐकायचा की वारा घ्यायचा, यावर शास्त्राकडे तोडगा नाही.

आणि एकेका टापूतले सूर चढवणारा-उतरवणारा इक्वलायझर? फुगवटा कापायला उत्तम. साठच्या आसपास खोली बोंबलत असेल तर तिथे पाच-सहा डेसिबल उतरवा, बिनधास्त. रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा माइक असला की फुगवटे-खड्डे आलेखावर दिसतात. पण खड्डा भरायला इक्वलायझर लावू नका. काकांच्या भाच्याने तेच करून पाहिलं होतं, १३८ ला दहा डेसिबल चढवून. दहा डेसिबल म्हणजे अँप्लिफायरला दहापट ताकद लावायला सांगणं. आणि पुढे दहापट गेलं तसं भिंतीकडेही दहापट जातं, तिथून उलटं होऊन येतं, वजाबाकी तेवढीच राहते. वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा मोठा पडदा, धापा टाकायला लागला, सा आला नाही.

शेवटी काकांच्या हॉलमध्ये जे झालं ते ध्वनिशास्त्राइतकंच काकूंच्या मर्जीने झालं. स्पीकर पुढे आणायचा पर्याय त्यांनी उंबरठ्यातच निकालात काढला: "अहो, गणपतीत माणसं काय बाल्कनीतून येणार?" म्हणून स्पीकर मागे गेले. प्रत्येकाच्या पाठीशी भिंतीपासून इंचभर सोडून ४ इंचांची चौकट, तिला जवळजवळ टेकून स्पीकर. तोंड भिंतीपासून १५ इंचांवर. कागदावर खड्डा २३० ला, म्हणजे काळी पाचच्या आसपास, बायकांच्याच सुरात. पण तिथे आता नुसती भिंत नाही, लोकर आहे, आणि २३० ची लाट ४ इंचांच्या लोकरीला बऱ्यापैकी दाद देते. १३८ ची दिली नसती. स्पीकर बंद खोक्याचे म्हणून हे चाललं. मागे भोक असलेल्यांना एवढं चिकटवलं असतं तर गुदमरले असते. भिंतीजवळ गेल्याने खालचे सूर फुगले, ते इक्वलायझरवर चार डेसिबल उतरवले. सोफा दोन फूट पुढे आला आणि त्याच्या मागे, काकूंच्याच सूचनेने, माळ्यावरच्या तीन जुन्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. वर चादर. पाहुणे आले की कामाला येतील म्हणाल्या.

फरशीवर निळ्या टेपचे आठ तुकडे आहेत, प्रत्येक स्पीकरच्या चार कोपऱ्यांना. झाडूपोछा करणाऱ्या मावशींना ते आधी कचरा वाटले होते. दिवाळीच्या साफसफाईत एकदा निघालेही, मग पुन्हा टेप लावून मोजणी.

त्यानंतरच्या रविवारी तीच रेकॉर्ड लागली. रिषभ झुलत खाली आला, सा वर थांबला, पुढचा आलाप सुरू झाला. पहिली बाजू संपली, सुई उचलली गेली, उलटून दुसरी लागली. काका डोळे मिटून, मान किंचित डावीकडे, एक शब्द नाही. शेवटी काकूंनी आतून हाक मारली, "अहो, ऐकताय ना? की झोपलात?"